बनावट आमिषाचा सांधा व त्यास योग्य चिकटद्रव्य

शेततळ्यांत रोहू, कटला यांचीं बोटुकलीं सोडल्यावर ओढ्याच्या पाण्याबरोबर मरळ आंत शिरली, तर ती बोटुकलीं खाऊन धन्याचें मोठें नुकसान करिते. मरळ हलत्या भक्ष्यावर झडप घालणारी असल्यामुळें लांकडाचा बनावट मासा गळास लावून तिला धरतां येतें. रोहू-कटला अशा आमिषाकडे सहसा वळत नाहींत, हा या रीतीचा विशेष होय. असें आमिष घरीं करण्यास खर्च थोडा. परंतु सांधा कच्चा राहिला तर तें पहिल्याच ओढीस उकलतें. मग मरळ तोंडांत गळ घेऊन निसटते, अगर सुटलेला गळ तळ्याच्या प्लास्टिकच्या अस्तरास भोंक पाडतो, किंवा पाण्यांत उतरलेल्या माणसाच्या पायांत शिरतो. यास्तव कोणत्या सांध्यास कोणतें चिकटद्रव्य घ्यावें, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक नियम ध्यानांत ठेवावा. मासळीची ओढ तारेनें पेलली पाहिजे, चिकटद्रव्यानें नव्हे. न गंजणारी तार आमिषाच्या अंगांतून आरपार नेऊन पुढील टोंकास दोरीसाठीं व मागील टोंकास गळासाठीं कडी वळवावी. तार जागेवर ठेवणें व पाणी आंत शिरूं न देणें, एवढेंच काम चिकटद्रव्याकडे असावें.

आतां बाजारांत मिळणाऱ्या द्रव्यांचा विचार करूं.

(१) सरस व सुतारकामाचा साधा पांढरा डिंक : घरांतील कोरड्या सामानास हे उत्तम, परंतु पाण्यांत राहिल्यानें मऊ पडतात. आमिषास ते वापरूं नयेत.

(२) एपॉक्सी : यांत राळ व तीस घट्ट करणारें द्रव्य अशा दोन नळ्या असतात. वेष्टणावर लिहिलेल्या प्रमाणांतच तीं मिसळावीं. प्रमाण चुकल्यास सांधा चिकट राहतो. ५ मिनिटांत आवळणारा प्रकार घाईच्या कामास सोयीचा, परंतु रात्रभर वाळणारा प्रकार पाण्यांत अधिक टिकतो. लांकूड व धातू यांच्या सांध्यास, तसेंच तारेभोंवतीची फट बुजविण्यास याच्या तोडीचें दुसरें नाहीं. उन्हानें तें पिवळें पडतें, म्हणून वर रंग द्यावा. हातास लागूं देऊं नये.

(३) लहान नळींतील सायनोॲक्रिलेट : हें पृष्ठभागावरील अत्यल्प ओलाव्यानें क्षणांत आवळतें. दोऱ्याची गांठ अगर पीस जागेवर धरण्यास तें योग्य आहे. मात्र तें ठिसूळ असल्यानें आपटीनें तुटतें, व रुंद फट भरून काढीत नाहीं. सांडल्यास कापसानें पुसूं नये. कापसाशीं संयोग होऊन चटका बसण्याइतकी उष्णता निघते.

(४) रबरी चिकटद्रव्य : चामडें अथवा रबर यांसारख्या वांकणाऱ्या वस्तूंस हें घ्यावें. दोन्ही बाजूंस पातळ थर देऊन, तो किंचित् सुकल्यावर दाबावें. थर्मोकोलास मात्र लावूं नये. यांतील द्रावक त्यास विरघळवितो.

तेलाच्या डब्यांचें व बाटल्यांच्या झांकणांचें गुळगुळीत प्लास्टिक बहुधा कोणत्याच द्रव्यास धरून राहत नाहीं. तें भोंक पाडून तारेनेंच बांधावें. कीटकनाशकाच्या डब्याचा तुकडा तर कधींही घेऊं नये.

लांकूड हलकें निवडावें. सावंतवाडीचीं खेळणीं ज्यापासून करीत आले, तें पांगाऱ्याचें लांकूड यास चांगलें. तें पुरतें वाळवावें. ओलें लांकूड पुढें आकसून सांधा फाडतें. जोडावयाच्या जागा खरबरीत कागदानें घांसून, तेलकटपणा पुसून, मगच लेप द्यावा. सांधा दोऱ्यानें आवळून एक दिवस हलवूं नये. शेवटीं सर्व अंगास एपॉक्सीचा अगर पाण्यास टिकणाऱ्या वार्निसाचा हात द्यावा, म्हणजे लांकूड फुगत नाहीं.

तयार आमिष २ दिवस बादलींत बुडवून ठेवावें. नंतर एक कडी खुंटीस अडकवून दुसरीस ५ किलो वजन टांगावें. सांधा हलला नाहीं, तरच तें तळ्यांत टाकावें; आणि अस्तराच्या तळ्यांत तें पाण्याच्या वरच्या थरांतूनच ओढावें. गांवतळ्यांत मासेमारीचा ठेका दिलेला असेल तर ठेकेदाराची संमति आधीं घ्यावी. चिकटद्रव्याचे चार पैसे वांचविण्यापेक्षां तळ्याचें अस्तर वांचविणें केव्हांही अधिक किफायतीचें होय.