शोकेसमधला षड्ज

नवा अॅम्प्लिफायर आला, जाड तांब्याच्या वायरी आल्या आणि स्पीकर मात्र टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये, फुलदाणीला खेटून आडवे ठेवलेले. आपल्याकडच्या अनेक हॉलमध्ये हेच चित्र दिसतं. माझं म्हणणं एवढंच की पुढचा खर्च करण्याआधी मोजपट्टी काढा.

आधी उंची. तंबोऱ्याची जवारी, झांजेची किणकिण हे बारीक स्वर ट्वीटरमधून टॉर्चच्या झोतासारखे समोर जातात, म्हणून ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. साधारण अडीच हजार हर्ट्झच्या आसपास ट्वीटर आणि वूफर दोघंही तोच सूर वाजवत असतात. तिथे तरंगलांबी जेमतेम 14 सेंटिमीटर. कान फार वर किंवा खाली गेला आणि दोघांपासूनच्या अंतरात 7 सेंटिमीटरचा फरक पडला, की लाटा एकमेकींना मारतात. स्पीकर आडवा ठेवला तर हाच घोळ डावी-उजवीकडे होतो. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला गाणं वेगळंच ऐकू येतं.

सोफ्यावर बसल्यावर कान जमिनीपासून सुमारे 36 इंचांवर येतो. ट्वीटर खोक्याच्या तळापासून 11 इंचांवर असेल तर स्टँड 25 इंचांचा हवा. बाजारातला 24 इंची स्टँड इथे चालून जातो. पण गादी-तक्क्यावर बसून गाणं ऐकणाऱ्यांचा कान 27-28 इंचांवर असतो. त्यांनी 16-17 इंचांचा स्टँड करून घ्यावा, नाहीतर स्पीकर पुढे किंचित झुकवावा. फॅब्रिकेशनवाला चौकोनी पाइपचा स्टँड सहज करून देतो. पाइपात कोरडी वाळू भरा, म्हणजे तो स्वतः घुमणार नाही.

खरी गंमत भिंतीची आहे. खालचे स्वर स्पीकरच्या मागेही पसरतात, भिंतीवर आपटून परत येतात. वूफरचा पडदा भिंतीपासून 62 सेंटिमीटरवर, म्हणजे दोन फुटांवर असेल, तर परतणारी लाट 124 सेंटिमीटर जास्त चालते. 139 हर्ट्झची ती बरोबर अर्धी तरंगलांबी, म्हणून तिथे लाटा एकमेकींना मारतात आणि आवाजात खड्डा पडतो. आणि 139 हर्ट्झ म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज! सूर ओळखू येतो, कारण वरचे स्वरांश शाबूत असतात. पण त्याचं अंग जातं. बास वाढवून उपयोग नाही, कारण परतणारी लाटही तेवढीच वाढते. अमेरिकन अभियंता रॉय अॅलिसन यांनी 1974 मध्येच शोधनिबंध लिहून भिंतींचा हा परिणाम मांडला होता.

अंतर एक मीटर केलं तर खड्डा 86 हर्ट्झवर सरकतो. भिंतीच्या जवळ नेलं तर तो वर सरकतो, पण डग्गा फुगतो. जमिनीवरूनही असंच परावर्तन होतं, म्हणून वूफरची जमिनीपासूनची उंची, मागच्या भिंतीपासूनचं अंतर आणि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर ही तिन्ही मापं वेगवेगळी ठेवावीत. सारखी ठेवली तर खड्डे एकाच जागी साचतात.

मग ओळखीचं ख्यालगायन लावा, दोन्ही स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण धरा आणि स्टँड चार-पाच सेंटिमीटरनं सरकवत राहा. आवाज दोन्हींच्या बरोबर मध्ये उभा राहिला आणि षड्ज भरून आला, की पायांभोवती फरशीवर टेपच्या खुणा करा. लादी पुसताना स्टँड हलतोच.