व्यवसायोपचार : हाताला पुन्हा काम शिकवणारी पदवी

अंकुशनगरच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की अंबड तालुक्यात ऊसतोड सुरू होते. कोयत्याने बोटाची नस कापली तर दवाखान्यात टाके पडतात, जखम भरते. पण मूठ वळत नाही. अर्धांगवायूतून माणूस वाचतो. पण त्याला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. इथून पुढचे काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचे. या शास्त्राला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. इथे ‘व्यवसाय’ म्हणजे धंदा नव्हे. जेवणे, अंघोळ, लिहिणे, खेळणे, मजुरी अशी रोजची सगळी कामे.

फिजिओथेरपीत भर सांधे-स्नायूंच्या हालचालीवर असतो, इथे ती हालचाल कामात आणण्यावर. लुळ्या हाताच्या माणसाने सदऱ्यात आधी लुळा हात घालावा, काढताना मात्र चांगला हात आधी काढावा. पकड कमी असेल तर चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा. असे साधे उपाय, हाताला आधार देणारे स्प्लिंट, मतिमंद वा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे शिक्षण, मनोरुग्णांना कामात रुळवणे, हे सारे त्यात येते.

भारतात या शिक्षणाची सुरुवात कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात केली. आज मुंबईत केईएम, नायर आणि सायन, तसेच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही पदवी मिळते. अभ्यास चार वर्षांचा, त्यानंतर इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना व शरीरक्रिया शिकवतात. पुढे मानसशास्त्र, अस्थिरोग, मेंदूविकार, बालरोग आणि प्रत्यक्ष रुग्ण.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवे. प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो. पण नीट दिली म्हणजे झाले असे नाही. राज्याच्या सीईटी कक्षाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. ती राहिली तर चांगले गुण असूनही त्या वर्षीचा प्रवेश हुकू शकतो.

दुसरी अडचण कागदपत्रांची. राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागते. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले शोधण्यात महिने जातात, म्हणून मूल अकरावी विज्ञानात असतानाच तयारीला लागावे. उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवावा. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांतील मुलांना महाडीबीटीवरून भारत सरकार शिष्यवृत्ती मिळू शकते. शासकीय वसतिगृह मिळाले नाही, तर समाजकल्याण कार्यालयात स्वाधार योजनेची चौकशी करावी.

विज्ञान घेतलेल्या मुलांपुढे आपण डॉक्टर आणि नर्सिंग ही दोनच नावे ठेवतो. हे तिसरे नावही घरात बोलले जावे, असे आम्हांला वाटते. आपल्या वस्तीत हाताने पोट भरणारी माणसे जास्त. तो हात परत मिळवून देणारे आपल्यातूनच घडावेत.