आपत्ती आणि तीन चरित्रे

दुःख माणसाला उन्नत करते, हे विधान आपल्याकडे इतक्या सहजतेने केले जाते की, ज्यांच्यावर ते ओढवले त्यांची साक्ष काढण्याची आवश्यकताच कोणास वाटत नाही. वस्तुतः दारिद्र्याने आणि रोगाने जितकी माणसे मृदू झाली, त्याहून कितीतरी अधिक कठोर झाली किंवा मुकाट्याने नाहीशी झाली. म्हणूनच ज्या थोड्यांच्या आयुष्यात आपत्तीतून काही अर्थ निष्पन्न झाला, त्यांच्या बाबतीत तो नेमका कोणत्या ठिकाणी झाला, हे बारकाईने पाहिले पाहिजे.

तुकोबांचा वृत्तान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. देहूची महाजनकी, सावकारी आणि वाण्याचा व्यापार असा भरला संसार. पुढे आईबाप गेले, थोरला भाऊ विरक्त होऊन बाहेर पडला, आणि 1630 च्या सुमारास दक्षिणेत पडलेल्या भीषण दुष्काळात व्यापाराचे दिवाळे निघून प्रथमपत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. येथवरची कथा त्या काळच्या असंख्य कुटुंबांची आहे. वेगळेपण आहे ते पुढच्या एका व्यवहारात. वडिलार्जित येण्यांची खतपत्रे काढून तुकोबांनी धाकट्या कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या स्वाधीन केला आणि आपल्या वाट्याचे कागद, परंपरा सांगते त्याप्रमाणे, इंद्रायणीत सोडून दिले. याला आपण वैराग्य म्हणतो. मला त्यात वैराग्याहून मोठी गोष्ट दिसते. ज्यांच्याकडून वसुली व्हायची, ती कुळेही त्याच दुष्काळाने नागवलेली होती, आणि भूक घरात शिरून काय करते हे ज्याने पाहिले, त्याला त्यांच्या दारी तगादा घेऊन उभे राहणे अशक्य झाले. भावाच्या हक्काला मात्र त्यांनी हात लावला नाही. एवढ्या शोकातही त्यांचा विवेक शाबूत होता.

लक्ष्मीबाई टिळकांची आपत्ती निराळ्या जातीची. 1895 साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा सोवळ्याओवळ्याच्या कडक शिस्तीत वाढलेल्या या अल्पशिक्षित बाईच्या वाट्याला काही वर्षांचा वियोग आला, आणि नंतर स्वतःच्याच मनातील जातिभेदाशी दीर्घ झगडा. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारे त्या हसत सांगतात, आणि त्या हास्यात कोणाविरुद्ध फिर्याद नाही.

तिसरे चरित्र वरोऱ्याचे. मुरलीधर देवीदास आमटे हे वकील, तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष; मैला वाहणाऱ्यांचे कष्ट स्वतः अनुभवावेत म्हणून त्यांनी डोक्यावर टोपली घेतली असता, एका पावसाळी रात्री महारोगाने झडलेला तुळशीराम त्यांना दिसला आणि ते भयाने पळाले. ते भय त्यांना असह्य झाले. ते परतले, त्यांनी त्याची शुश्रूषा केली, पुढे कलकत्त्यास जाऊन या रोगाचा अभ्यास केला. त्यातून वरोऱ्यानजीकच्या खडकाळ रानात आनंदवन उभे राहिले. या रोगात हातापायांची संवेदना जाते, जखम झाली तरी कळत नाही. अशा हातांनी रोग्यांनी तेथे विहीर खणली, जमीन कसली, भाजी पिकवली. भिक्षेवर जगणाऱ्यांना दयेऐवजी काम मिळाले, हे आमट्यांचे आणि त्यांच्या पत्नी साधनाताईंचे खरे कर्तृत्व.

परंतु तुळशीरामाचे काय? त्याला काही अर्थ गवसल्याचे कोठे नमूद नाही. तो मरण पावला, आणि त्याच्या यातनांचा अर्थ इतरांच्या आयुष्यात उमटला. आनंदवनाच्या साऱ्या यशानेही त्याच्यापुरती ती उणीव भरून निघाली, असे म्हणण्यास माझे मन धजत नाही.