आरसा, ऊन आणि दगडाची कड

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचे शहर आहे. तिथले डॅनियल फार्बर जुन्या दफनभूमीत छायाचित्रे काढायला निघाले की कॅमेऱ्याबरोबर एक मोठा आरसाही घेत. झाडाच्या गर्द सावलीतल्या किंवा उत्तरेकडे तोंड करून उभ्या असलेल्या थडग्याच्या दगडावर ऊन पोचत नाही. अशा वेळी दूर उन्हात आरसा धरायचा आणि त्याचा कवडसा दगडाच्या तोंडावर एका बाजूने तिरपा पाडायचा. तोवर नुसता करडा दिसणारा पत्थर मग बोलू लागे. पंख पसरलेली कवटी, कडेची वेलबुट्टी, नाव, वय, मृत्यूचे वर्ष, सगळे ठळक होई.

डॅनियल आणि त्यांच्या पत्नी जेसी यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहात नऊ हजारांहून अधिक दगडांची साडेतेरा हजारांवर छायाचित्रे आहेत. यातले बहुतेक दगड १८०० सालापूर्वीचे आहेत. हॅरिएट मेरिफिल्ड फोर्ब्स यांची छायाचित्रेही याच संग्रहात आहेत. ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड प्रदेशातले जुने दगड आणि ते घडवणारे कारागीर यांवरचे त्यांचे पुस्तक १९२७ साली आले. दगड झिजतात, फुटतात, चोरीलाही जातात. अशा वेळी जुने छायाचित्र हाच एकमेव पुरावा उरतो. म्हणून ते कसे काढले, चौकटीत काय घेतले आणि कातरताना काय टाकून दिले, याला फार महत्त्व येते.

सुरुवात उजेडापासून करावी लागते. कोरीव अक्षर म्हणजे दगडातली उथळ खाच. समोरून प्रकाश पडला, की खाच आणि सपाटी सारखीच उजळतात आणि अक्षर विरून जाते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश नेमके हेच करतो. तोच प्रकाश दगडाच्या पृष्ठभागाला घासत गेला, की खाचेच्या एका काठावर सावली पडते आणि दुसरा काठ चमकतो. हा तिरपा उजेड वरच्या बाजूने आलेला बरा. प्रकाश आकाशातूनच येतो, हे आपल्या डोळ्यांनी गृहीत धरलेले असते. तो खालून आला तर खोदलेली अक्षरे उठावाची वाटू लागतात आणि उठावाचा चेहरा खड्ड्यासारखा दिसतो.

छायाचित्रकार एरवी भर दुपारचे ऊन टाळतात. दगडांच्या बाबतीत मात्र तेच कामी येते. न्यू इंग्लंडमध्ये मृताचे पाय पूर्वेकडे ठेवून पुरण्याची रीत होती, त्यामुळे पुष्कळ दगडांची तोंडे पूर्वेला किंवा पश्चिमेला आहेत. सूर्य माध्यान्हीला दक्षिणेत असतो, म्हणजे या दगडांच्या बरोबर बाजूला. पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडावर दुपार होण्याच्या जरा आधी आणि पश्चिमेकडच्या दगडावर जरा नंतर ऊन अगदी घासून जाते. ही वेळ थोडीच टिकते. एखादा ढग आडवा आला तरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते.

पुढचा प्रश्न उभे कुठे राहायचे हा. हे दगड बहुधा कमरेच्याही खाली येतात. उभ्या उभ्या, मान खाली घालून फोटो काढला तर दगडाचा माथा रुंद आणि पाया अरुंद दिसतो. म्हणून गुडघे टेकून कॅमेरा दगडाच्या मध्याच्या उंचीवर आणावा लागतो आणि दगड जितका कलला असेल तितकाच कॅमेराही कलता धरावा लागतो. मोबाइलचे भिंग रुंद कोनाचे असते, त्यामुळे अगदी जवळ गेल्यास मधला भाग फुगल्यासारखा होतो. चार पावले मागे सरून थोडे झूम केले की प्रमाण नीट येते. उजेडाची मोजणी हीसुद्धा एक फसवी गोष्ट आहे. समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे आहे असे कॅमेरा धरून चालतो. त्यामुळे काळसर स्लेटचा दगड फिकट येतो आणि पांढरा संगमरवर मळकट. काळ्या दगडासाठी उजेड किंचित कमी करावा, पांढऱ्यासाठी किंचित वाढवावा.

खरी कसोटी लागते ती नंतर, कातरताना.

समोर दगडाचे पूर्ण चित्र असते. त्यातली पंखांची कवटी सर्वांत लक्षवेधी म्हणून बाकीचे सगळे कापून टाकायचा मोह होतो. हे केल्यावर काय हातचे जाते, ते एका प्रसिद्ध अभ्यासावरून कळते. पुरातत्त्वज्ञ एडविन डेथलेफ्सन आणि जेम्स डीट्झ यांनी १९६६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या दफनभूमींवर एक निबंध लिहिला. सुरुवातीच्या दगडांवर कवटी, अठराव्या शतकात हळूहळू पंखांचे बालमुख आणि त्या शतकाच्या अखेरीपासून कलश व विलोचे झाड, असा चिन्हांचा प्रवास त्यांनी मोजून दाखवला. मृत्यूकडे पाहण्याची समाजाची नजर कशी बदलली, ते त्यातून उलगडले. माथ्यावरचे चिन्ह आणि खालचे वर्ष एकाच दगडावर होते, म्हणूनच हे मोजता आले. नुसती कवटी ठेवली तर वर्ष जाते, नुसता लेख ठेवला तर चिन्ह जाते.

कडांचेही तसेच आहे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतली पाने आणि फळे पाहून जाणकार कारागिराचे घराणे ओळखतात. काही कारागिरांनी आपली सही अगदी तळाशी, गवताला टेकून केलेली असते. तेव्हा कातरताना दगडाची चारही बाजूंची बाह्यरेषा आणि जमिनीची थोडी पट्टी राहू द्यावी. कललेला दगड संगणकावर सरळ केला की जमीन कलते. प्रदर्शनासाठी ते चालेल, नोंदीसाठी मात्र दगड खरोखर कसा उभा होता तेही दिसायला हवे. आजूबाजूचे एक मोकळे छायाचित्र वेगळे घ्यावेच. बॉस्टनच्या काही जुन्या दफनभूमींत एकोणिसाव्या शतकात दगड हलवून सरळ रांगांत लावले गेले. त्यामुळे मूळ जागा कोणती, हे आता नुसत्या दगडावरून सांगता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची फरशीच मुळी थडग्यांच्या दगडांची आहे. त्यांवर पोर्तुगीज घराण्यांची मानचिन्हे आणि लेख कोरलेले आहेत. तिथे कॅमेरा बरोबर वरून, फरशीला समांतर धरावा लागतो. दारातून येणारा सखल उजेड मात्र आरशाचे काम आपणहून करतो.

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वीरगळांखाली थडगे नसते, ते स्मारकशिळा असतात. तरी त्यांना हेच नियम लागू पडतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत वीराचे मरण किंवा लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेताना, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना आणि माथ्यावर कलश. बहुधा तिथेच सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. ते आकाशात असतील तोवर कीर्ती टिकेल, असा त्यांचा अर्थ. लढाई छान आली म्हणून माथा कापला, तर अर्थच कापला जातो. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सर गावच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या गलबतांची लढाई आहे. त्यांची छायाचित्रे पाहताना नजर गलबतांवरच खिळते, पण वरचे पट्टे ठेवल्याशिवाय कथा पुरी होत नाही. शिवाय बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. काळ ठरवायला कोरीवकामाची शैली आणि आसपासचे अवशेष एवढाच आधार असतो, म्हणून भोवतालचे चित्र इथे जास्तच मोलाचे ठरते.

अक्षरे दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा दाढीचा फेस दगडाला फासण्याची सवय दोन्हीकडे दिसते. ती सोडायलाच हवी. फेसातली आम्ले आणि खडूची पूड दगडाच्या छिद्रांत बसते आणि तारेच्या ब्रशने तर वरचा थरच निघतो. शेंदूर लावलेला वीरगळ गावाच्या पूजेतला असतो, त्याला खरवडण्याचा अधिकार छायाचित्रकाराला नाही. आडवे आलेले गवत हाताने दाबून धरता येते. उजेड कमी पडला तर कपाटाचा जुना आरसा पुरतो. तो धरायला बरोबर एक माणूस मात्र हवा.

घरी आल्यावर पहिले काम मूळ छायाचित्र न कातरता वेगळे ठेवण्याचे. त्याच्या नावात गाव, दगडाच्या तोंडाची दिशा, तारीख आणि वेळ लिहावी. दगडाची उंची-रुंदी मोजली असेल तर तीही. मग त्याची प्रत काढावी आणि कवटी, कलश, गलबत, जे हवे ते त्या प्रतीवर कातरावे.