अम्हारिक बायबल

अम्हारिक बायबल ही ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या अम्हारिक भाषेतील मुद्रित भाषांतरांसाठी वापरली जाणारी सर्वसाधारण संज्ञा आहे. संपूर्ण बायबल अम्हारिक भाषेत प्रथम १८४० साली लंडन येथे छापले गेले. त्याचे मूळ हस्तलिखित अबू रूमी या एकाच इथिओपियन विद्वानाने कैरो येथे सुमारे दहा वर्षे खपून लिहिले होते. इथिओपियाच्या राजघराण्याने ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकातच स्वीकारला होता. लोकांच्या बोलण्यातल्या भाषेतील छापील धर्मग्रंथ मात्र तेथे दीड हजार वर्षांनी, आणि तोही परदेशातून, पोहोचला.

गीझ आणि अम्हारिक

अक्सुमचा राजा एझाना याच्या काळात ख्रिस्ती धर्म राजधर्म झाल्यानंतर पुढील काही पिढ्यांत बायबलचे ग्रीकमधून गीझ भाषेत भाषांतर झाले. कालांतराने गीझ बोलण्यातून लोपली, पण उपासनेची व विद्येची भाषा म्हणून टिकून राहिली. अम्हारिक ही राजदरबाराची व बाजाराची भाषा झाली, तरी दीर्घकाळ ती फारशी लिहिली जात नसे. संस्कृत आणि मराठी यांच्या नात्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक असा की अम्हारिक ही गीझची थेट कन्या नसून त्याच सेमिटिक कुळातील जवळची नातलग आहे. मठांतून व चर्चच्या शाळांतून मुले गीझ स्तोत्रे मुखोद्गत करीत. अर्थ सांगताना गुरू अम्हारिकचा आधार घेत, परंतु तो अर्थ तोंडी परंपरेचा होता.

लिपी व खिळे

दोन्ही भाषांची लिपी एकच असून ती डावीकडून उजवीकडे लिहितात. प्रत्येक व्यंजनाची सात स्वररूपे होतात, त्यामुळे मराठी वाचकाला ती आपल्या बाराखडीसारखी वाटते. गीझमध्ये २६ मूळ अक्षरे आहेत. अम्हारिकमधील श, च, ज यांसारख्या ध्वनींसाठी त्यांत सातांची भर पडली, म्हणजे ३३ अक्षरांची २३१ रूपे झाली. शब्दांच्या मध्ये दोन टिंबे व वाक्याच्या शेवटी चार टिंबे देण्याची परंपरा आहे.

गीझ भाषेतील पहिले छापील पुस्तक म्हणजे १५१३ साली रोम येथे योहानेस पोट्केन याने प्रसिद्ध केलेली स्तोत्रसंहिता. पोट्केनने या भाषेला खाल्डियन असे नाव दिले होते, यावरून युरोपला तिची ओळख किती अपुरी होती हे दिसते. १५४८–४९ मध्ये तस्फा सियोन या इथिओपियन धर्मगुरूने रोममध्येच गीझ नवा करार छापून घेतला. गीझसाठी पाडलेले खिळे अम्हारिकला मात्र पुरे पडत नाहीत. वाढीव अक्षरांचे खिळे वेगळे करावे लागतात.

अबू रूमी यांचे भाषांतर

अबू रूमी यांचे मूळ नाव अब्रहाम असे सांगितले जाते. जेरुसलेम, इराण, भारत असा प्रवास करून ते कैरोला आले. कोलकात्यात सर विल्यम जोन्स यांनी ज्या इथिओपियन प्रवाशाची गोंदर शहर व नाईलचा उगम यांविषयीची माहिती नोंदवून ठेवली, तो प्रवासी हेच असावेत असे मानले जाते. कैरोमध्ये ते आजारी पडले असता फ्रेंच उपवाणिज्यदूत असलें द शेरव्हील यांनी त्यांना आश्रय दिला आणि भाषांतराचे काम सोपवले.

पुढील दहा वर्षे असलें यांनी आठवड्यातील दोन दिवस, मंगळवार व शनिवार, या कामासाठी राखून ठेवले. त्या दिवशी इतर कोणाला भेट मिळत नसे. आधार अरबी बायबलचा होता. कठीण जागी हिब्रू, सिरियाक व ग्रीक पाठ पाहिले जात. असलें आपल्या परीने अर्थ समजावून देत आणि अबू रूमी तो अम्हारिकमध्ये उतरवीत. तयार झालेले हस्तलिखित ९,५३९ पानांचे होते. १८१९ मध्ये अबू रूमी कैरोतच प्लेगने वारले; आपल्या लेखनाचे एकही छापील पान त्यांना पाहता आले नाही. पुढील वर्षी विल्यम जोवेट यांनी ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीसाठी ते हस्तलिखित १,२५० पौंडांना विकत घेतले.

छपाई व प्रसार

संपादनाची मुख्य जबाबदारी टॉमस पेल प्लॅट यांच्याकडे आली. चार शुभवर्तमाने १८२४ मध्ये, नवा करार १८२९ मध्ये व संपूर्ण बायबल १८४० मध्ये निघाले. सॅम्युएल गोबाट यांनी १८३० पासून इथिओपियात प्रतींचे वाटप सुरू केले. त्यानंतर कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग व योहान लुडविग क्राप्फ हे मिशनरी तेथे गेले. इझेनबर्ग यांनी अम्हारिकचा शब्दकोश (१८४१) व व्याकरण (१८४२) सिद्ध केले. इथिओपियात राहणे अशक्य झाल्यावर ते १८४४ मध्ये मुंबईला आले व त्यांनी पुढील सुमारे वीस वर्षे तेथेच मिशनचे काम केले. मूळ भाषांतरावरील अरबीची छाप आणि भाषेतील उणिवा लक्षात घेऊन क्राप्फ यांनी पुढे सुधारित पाठ तयार केला. तो स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळ सेंट क्रिशोना येथे छापला गेला.

ग्रंथसंख्येचा प्रश्न

इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्च बायबलमध्ये ८१ ग्रंथ मानते. हनोखाचे पुस्तक व ‘कुफाले’ ही त्यांतील वैशिष्ट्यपूर्ण पुस्तके होत. प्रॉटेस्टंट परंपरेत ही संख्या ६६ आहे, आणि बायबल सोसायटीने १८२६ पासून त्याबाहेरील ग्रंथांच्या छपाईस साहाय्य न करण्याचे ठरवले होते. साहजिकच लंडनहून आलेले बायबल स्थानिक धर्मगुरूंच्या दृष्टीने अपुरे होते. त्यांच्या विरोधाला केवळ सनातनीपणा म्हणणे योग्य ठरणार नाही. ज्या ग्रंथांना ते पवित्र मानत होते त्यांतील काही या पुस्तकात नव्हतेच.

सम्राटांची आवृत्ती

विसाव्या शतकात सम्राट हैले सेलासी यांनी इथिओपियन विद्वानांकडून नवे भाषांतर करवून घेतले. इटलीच्या आक्रमणापूर्वी (१९३५) सुरू झालेले हे काम १९६० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण बायबलच्या रूपाने प्रसिद्ध झाले व प्रमाण पाठ म्हणून रूढ झाले. ८१ ग्रंथांचे अम्हारिक बायबल ऑर्थोडॉक्स चर्चने स्वतंत्रपणे काढले आहे. चर्चमध्ये आज अम्हारिकचा वापर होतो, पण गीझही चालू आहे.

या आवृत्त्यांची सालवारी पाहताना घोटाळा होण्याचा संभव असतो. इथिओपियन वर्ष सप्टेंबरात सुरू होते व इसवी सनाच्या सात ते आठ वर्षे मागे असते. जुन्या मराठी पुस्तकांवरील शकात ७८ मिळवावे लागतात, तसेच येथे सप्टेंबर ते डिसेंबर या काळासाठी ७ व उरलेल्या महिन्यांसाठी ८ मिळवावे. मुखपृष्ठावर १९५४ असलेली प्रत म्हणूनच १९६१–६२ मधील असते.