‘संपलं’ म्हटल्यावर लिहायला बसणारी चिप

कॉम्प्युटरमधली रॅमची पट्टी पाहिलीत, तर मोठ्या काळ्या चिप्सच्या रांगेत एक चिमुकली चिप दिसते. डीडीआर३ पट्टीवर तिची साठवण असते फक्त २५६ बाइट. पट्टी केवढी, किती वेगाची, ही कुंडली तिच्यात असते. वीज गेली तरी ती पुसली जात नाही. याच जातकुळीतली प्रसिद्ध चिप म्हणजे २४सी०२. पाय आठ, पण बोलायला दोनच: एक डेटाची तार, एक घड्याळाची.

आता मला सांगा, एकाच तारेवरून बिटमागून बिट येत असताना हुकूम कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे चिपला कळावं कसं? तिसरी तार तर नाहीच. फिलिप्सच्या आयस्क्वेअरसी पद्धतीतलं उत्तर मला तरी चावट वाटतं. नियम असा, की घड्याळाची तार वर, म्हणजे जास्त व्होल्टेजवर, असेपर्यंत डेटाच्या तारेनं हलायचं नाही. आणि सुरुवातीची खूण? हाच नियम मुद्दाम मोडायचा! घड्याळ वर असताना डेटा खाली उतरला की सुरुवात, वर चढला की शेवट. साधा बिट असा आगाऊपणा कधीच करत नाही, मग घोटाळा होईलच कसा?

मग पहिल्या बाइटमध्ये हाक येते. १०१० हे चार बिट घराण्याचे. पुढचे तीन बिट कोणत्या चिपला बोलावलंय ते सांगतात, म्हणून त्याच दोन तारांवर अशा आठ चिप्स नांदू शकतात. शेवटचा बिट शून्य, म्हणजे ‘लिहायचंय’. आठ बिट झाले की प्रोसेसर तार सोडून देतो आणि नवव्या ठोक्याला चिप ती स्वतः खाली ओढते. ओ दिली! मग कप्प्याचा पत्ता, पुन्हा ओ. मग डेटा, पुन्हा ओ.

झालं लिहून? छे, अजून एक बिटही कायमचा उमटलेला नाही. सगळा मजकूर तात्पुरत्या जागेत थांबलाय. शेवटची खूण आली की मगच खरं काम सुरू होतं.

आणि काम तरी केवढं! प्रत्येक बिटासाठी चारही बाजूंनी काचेसारख्या थरात कोंडलेलं एक बेट असतं. बेल लॅब्जमध्ये दावोन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ मध्ये सुचवलेली ही कल्पना. त्या बेटावर इलेक्ट्रॉन आणायचे किंवा तिथून काढायचे, तेही वाट नसलेल्या थरातून. जबर विद्युतक्षेत्र असेल आणि थर पुरेसा पातळ असेल, तर इलेक्ट्रॉन आरपार जातात. क्वांटम भौतिकीचा हा चमत्कार रॅमच्या पट्टीवरही घडतो. पण त्याला पंधरा-वीस व्होल्ट लागतात आणि चिपला मिळतात जेमतेम तीन किंवा पाच! मग ती ते स्वतःच तयार करते. विहिरीच्या पायऱ्यांवर माणसं उभी राहून घागर हातोहाती वर चढवतात, तसा कपॅसिटरांच्या रांगेतून विद्युतभार टप्प्याटप्प्यानं वर चढवला जातो. एकदा कोंडलेले इलेक्ट्रॉन शंभर वर्षं टिकतील, असं उत्पादक सांगतात.

या सगळ्याला जास्तीत जास्त पाच मिलिसेकंद लागतात. एक बाइट असो वा आठ. म्हणून आठ एकदम पाठवणं शहाणपणाचं. पण जपून! अनेक २४सी०२ चिप्समध्ये आठ-आठ बाइटांची पानं असतात आणि लिहिताना पत्त्याचे फक्त खालचे तीन बिट पुढे सरकतात. सहा क्रमांकाच्या कप्प्यापासून चार बाइट पाठवलेत, तर ते सहा, सात, शून्य, एक असे पडतात. जुना मजकूर गेला, आणि चिपनं प्रत्येक वेळी ओ मात्र बिनतक्रार दिली!

शेवटच्या खुणेनंतर खरं लिहिताना मात्र ती कुणालाच ओ देत नाही. मग काम संपल्याचं कळायचं कसं? प्रोसेसर तिला तीच हाक पुन्हा पुन्हा मारत राहतो. तार वरच राहिली, तर अजून लिहिणं चालू आहे. नवव्या ठोक्याला ती खाली आली, की लगेच पुढचं पान पाठवायचं. चिपनं तीन मिलिसेकंदांत उरकलं असेल, तर उरलेले दोन वाचले.