मॉरिशसमधील दूरसंचार, प्रसारण आणि मराठी भाषा
मॉरिशस हे हिंदी महासागरातील बेटराष्ट्र १९६८ मध्ये स्वतंत्र झाले. एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या मराठी भाषकांचे वंशज तेथे राहतात. १९६४ मध्ये स्थापन झालेले मॉरिशस ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन हे सार्वजनिक प्रसारण मंडळ मराठी कार्यक्रमही प्रसारित करते. १९८९ मध्ये तेथे भ्रमणध्वनी सेवा सुरू झाली; २००२ मध्ये ‘सेफ’ या समुद्राखालील प्रकाशतंतू केबलने बेट कोचीशी जोडले गेले. या साधनांनी भारताशी संपर्क सुलभ झाला; तथापि घरी क्रिओल बोलणाऱ्या पिढीस केवळ संपर्कामुळे पूर्वजांची भाषा येत नाही. अल्पसंख्य श्रोत्यांची भाषा व्यापारी प्रसारणास परवडतेच असे नाही. म्हणून तेथील मराठीचे प्रसारणातील स्थान हा तंत्रज्ञानापेक्षा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न ठरतो.